पांढरी पडणारी बोटं

दुष्काळात चौथीतूनच माझी शाळा सुटली आणि मी आईसोबत खडी फोडायला जाऊ लागले. भूक मरावी म्हणून तिथल्या बाया दातांना मिश्री लावायच्या. मलाही ती सवय लागली. पुढं लग्न झालं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नवऱ्याला तिथं हमाली मिळाली आणि हिमायतनगरकडचं माझं गाव लांब राहिलं. मी एका खानावळीत भाकरी थापायला लागले. मालकिणीला सगळे अक्का म्हणत.

हिवाळ्यात सकाळी हौदात हात घातला की माझी बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. पायाच्या बोटांचंही तेच. चिमटा काढला तरी कळायचं नाही. आमच्याकडं बधिर बोटं म्हणजे महारोग, आणि तसल्या बाईनं पिठाला हात लावायचा नसतो. रोगापेक्षा मला काम सुटायचंच भ्याव जास्त. गप्प राहिले.

अक्कांना वाटलं, थंडीनं गारठले. त्यांनी कमरेची मिश्रीची डबी काढली. "घास गं जरा, ऊब येते." मी घासायचे. बोटं आणखीच मरायची.

एकदा सकाळी हौदावरून आल्या आल्या भाकरी उलटताना बोट तव्याला चिकटलं, मला पत्ताच नाही. भांडेवाली ओरडली, "अक्का, हिला महारोग हाय! हिच्या हातचं मी न्हाई खाणार."

अक्कांनी मला चुलीपुढून उठवलं. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी मला घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठला.

तोवर ऊन चढलं होतं, बोटांत जीव आला होता. डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचून बघितली, ती चांगलीच लागली. मग त्यांनी माझा हात गार पाण्यात धरला आणि रंग बघत बसल्या.

"महारोग नाही. गारठ्यानं बोटांतल्या रक्ताच्या नळ्या आवळतात. तंबाखूनं जास्तच. मिश्री लावता?"

मी अक्कांकडं बघितलं. त्या छताकडं बघत होत्या.

"मीच देत होते, बाई. ऊब यावी म्हणून."

"ऊब द्यायचीय तर गरम पाणी द्या, मोजे द्या."

बोट बरं झाल्यावर मी परत चुलीपुढं बसले. अक्कांनी पहिली भाकरी उचलली आणि भांडेवालीसमोर उभ्यानंच खाल्ली. "बघ, मेले का मी?"

दुपारी माझ्याकडं न बघता भांडेवालीनं ताट पुढं केलं. तिच्या भाकरी मी जरा मोठ्याच थापल्या.