ऐरण सपाट केली त्याची गोष्ट

चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली आणि त्या सगळ्या काळात घरात एकही खिळा ठोकला नाही. कॅलेंडर बायकोनं टांगलं, नळाचा वायसर बायकोनं बदलला, गच्चीच्या दाराची कडी शेजाऱ्यानं बसवली. ती वाकडी बसली आहे, एवढं मात्र मी लगेच दाखवून दिलं. असा माणूस निवृत्तीनंतर लोहारकाम करणार हे ऐकून बायको हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिनं इतकंच विचारलं, "अन् माझ्या गोवऱ्या कुठं ठेवायच्या?" वालूरच्या आमच्या घरामागचं पत्र्याचं शेड तोवर तिच्या ताब्यात होतं.

दोष मोबाइलचा. त्यात एक दाढीवाला परदेशी गृहस्थ गंजलेली जुनी हत्यारं घासूनपुसून नव्यासारखी करायचा. अंगात चामड्याचा एप्रन, खिडकीबाहेर बर्फ. मीही तसाच एप्रन मागवला. मे महिन्यात, आमच्या उन्हात, पत्र्याखाली तो एप्रन घालून उभं राहिल्यावर काय होतं हे त्या गृहस्थाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला पाच मिनिटांत कळलं.

हत्यारं जुनीच पाहिजेत, हा माझा हट्ट. पाथरीला एका भंगारवाल्याकडे गेलो आणि सरळ "जुनं काय आहे?" असं विचारून बसलो. तोवर तो बिचारा नुसता भंगारवाला होता. "अँटिक हाय सर, असली निजामाच्या टायमाची चीज," म्हणत त्यानं एक घण काढला, तापलं लोखंड धरायच्या दोन सांडश्या काढल्या, उंदरांनी कुरतडलेला चामड्याचा भाता काढला आणि शेवटी पोत्यांच्या खालून बाभळीच्या ठोकळ्यात रुतलेली एक ऐरण ओढून काढली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुमच्याच गावची की सर. म्हाताऱ्याच्या पोरानं आणून टाकली."

म्हातारा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे लोहारमामा. गावाची खुरपी, विळे, कुऱ्हाडी तीन पिढ्या त्यांच्या घरातून निघाल्या. मुलाचं सेलूला गेट-ग्रीलचं दुकान. मामा मोतीबिंदू काढायला परभणीला गेले असताना त्यानं सगळं सामान भंगारात घातलं. मामा परत आले तेव्हा त्यांना लख्ख दिसायला लागलं होतं, फक्त जे बघायचं ते घरात नव्हतं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत आणि मुलगा आला की तोंड फिरवत.

तिथंच मला एक सुंदर कल्पना सुचली. अशा कल्पना मला नोकरीतही सुचायच्या, त्यांचं काय झालं ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारावं. ही ऐरण चकाचक करायची, भट्टी लावायची, मग मामांना बोलवायचं. त्यांनी आपल्याच ऐरणीवर घाव घालावा आणि म्हणावं, "सर, जमलं." जन्मभर मी दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारले, मला स्वतःला कुणी शेरा दिलाच नव्हता. त्या एका शब्दासाठी मी अगदी हावरा झालो होतो, हे कबूल करतो.

भात्याला गावातल्या चांभाराकडून नवं चामडं लावून घेतलं. सांडश्या रॉकेलमध्ये भिजवून घासल्या. मग ऐरण घेतली. तिच्या माथ्यावर मधोमध एक खळगी होती, बशीसारखी उथळ. फूटपट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसायचा. एवढा उजेड मी सातवीतल्या पोराच्या पट्टीखालीसुद्धा खपवून घेतला नसता. ग्राइंडर आणला. तीन दिवस ठिणग्या उडाल्या. वाळत घातलेल्या बायकोच्या साडीला दोन भोकं पडली आणि शेजाऱ्यांनी गेट बनवून मिळेल का म्हणून चौकशी केली. तिसऱ्या दिवशी पट्टी ठेवली, खाली वाकून पाहिलं, उजेड नाही. बाजूंना काळा ऑइलपेंट दिला, फोटो काढला आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. पोरांनी अंगठे दाखवले. शाळेतही ती मागच्या बाकावर बसून तेच करायची, पण इथं मी कौतुक समजून घेतलं.

माझ्या हातची पहिली वस्तू म्हणजे भिंतीत ठोकायचा एक आकडा. बायकोनं तो उलटसुलट करून पाहिला.

"काय हे?"

"आकडा."

"हो, पण दोनाचा की सहाचा?"

खंडेनवमीला मामांना बोलावलं. हत्यारांची पूजा त्या दिवशी, म्हणजे मुहूर्त साधला असा माझा हिशेब. मी सकाळपासून भट्टी फुलवून, एप्रन बांधून तयार. मामा दारातच थांबले.

"इस्तू कशाला पेटवला सर? आज हत्याराला सुट्टी असती."

वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या पाठ असलेल्या माणसाला नेमकी हीच माहीत नसावी! बायकोनं पाण्याची बादली आणून निखाऱ्यांवर ओतली. शेडभर वाफ झाली. तिच्यातून मामा वाट काढत ऐरणीपाशी गेले आणि मांडी घालून बसले.

त्यांनी आधी भाता दाबून पाहिला. "चांगला शिवलाय." मग सांडशी उचलली, तिच्या मुठीचं टोक बोटानं चाचपलं. "ही माझ्या बाची." माझा शब्द आता येणार म्हणून मी कान टवकारून उभा होतो.

बायकोनं ताट पुढं केलं. मामांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं आणि सुपारी घेऊन, न बघताच, ऐरणीवर मधोमध ठेवली. आपल्या घरात आपण अंधारातही तांब्या जागेवर ठेवतो, तशी. सुपारी घरंगळली आणि खाली पडली. त्यांनी उचलून परत ठेवली. ती परत घरंगळली. मग त्यांनी तळहात ऐरणीवर टेकवला आणि हळूहळू फिरवला, एकदा, दोनदा.

"हितली खळगी?"

"काढली," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो, हे लिहितानाही लाज वाटते. "तीन दिवस लागले मामा. अगदी सपाट केली. थांबा, पट्टी लावून दाखवतो." आणि मी खरोखर खिशातून पट्टी काढली.

मामांनी पट्टीकडे पाहिलं नाही. "खुरपं त्याच खळगीत वळायचं सर. आज्याच्या टायमाला पडाय लागली ती. आज्याचा घाव, बाचा घाव, माझा घाव, समदे एकाच जागी. नवमीला सुपारी तितंच बसायची."

आपण काय घासून टाकलं ते मला तेव्हा कळलं. तरी शिक्षक गप्प कसा बसेल? "मामा, ग्राइंडरनं तेवढीच खळगी परत पाडून देऊ का?" मी विचारलं. कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे मी जसा बघायचो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायको आत गेली, कणकेचा गोळा घेऊन आली, तो ऐरणीवर दाबला आणि त्यात सुपारी बसवली. पूजा झाली. गूळखोबरं वाटलं. मी पट्टी हातात धरून उभाच.

निघताना मामा दारात वहाणा घालायला वाकले. "पोराला सा महिने बोललो न्हाई मी," ते म्हणाले. "ऐरण इकली म्हनून." मग सरळ उभे राहिले. "त्यानं निस्ती इकली व्हती."

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला त्यांच्याकडे गेलो तर मुलगा सेलूहून आलेला, आणि बापलेक ओट्यावर शेजारी बसून चहा पीत होते, चांगले बोलत होते. एक मोडलेलं घर मी सांधलं होतं, तेही मुलापेक्षा मोठा अपराध करून. गावात समाजकार्य करणारे पुष्कळ आहेत, पण ही रीत बहुधा माझी एकट्याचीच. मामांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "जमलं" काही म्हणाले नाहीत. मी फार वाईट वाटून घेतलं, आणि ते वाटायलाच हवं होतं.

एप्रन आता गोवऱ्यांवर झाकायला आहे. खुरपं मला अजून वळता येत नाही. पण दसरा झाल्यापासून मी रोज सकाळी शेडमध्ये जातो, एक जुनी पहार तापवतो आणि ऐरणीवर मधोमध, एकाच जागी, दमेपर्यंत घाव घालतो. मग ऐरण निवली की पट्टी आडवी ठेवतो आणि खाली वाकून उजेड दिसतो का ते बघतो. अजून दिसत नाही.