काजवाली जामीन राहते

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणायचे. शर्टाला बटणाची काजं करायची, हेच तिचं काम. अकरा वर्षं तिने ते मास्तरांच्या दुकानात, मास्तरांच्या मशीनवर, नगावर केलं. काजाचं एक आहे बघा, शिवण चुकली तर उसवता येते, पण काज एकदा कापलं की कापलं. म्हणून मापाचं बटण हातात आल्याशिवाय ती कामाला बसायची नाही.

तरी व्हायचं ते झालंच. शाळेच्या दोनशे शर्टांसाठी मास्तरांनी स्वतः बटण दिलं. "हे मोठं वाटतंय," ती म्हणाली. "मास्तर कोण, तू की मी?" ते म्हणाले. काजं मोठी झाली म्हणून शर्ट परत आले तेव्हा भरल्या दुकानात मास्तरांनी तिच्या नावाने खडे फोडले आणि तीन महिने तिची निम्मी मजुरी कापली. चोर तो चोर, वर शिरजोर. त्यापायी पोरीची नर्सिंगची फी राहिली आणि पोर लोकांकडे धुणी धुवायला लागली. काजवालीने तेव्हाच ठरवलं, या माणसाला एकटं पाडायचं.

पण रिकाम्या हाताने सूड कसा घेणार? पाच बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं आणि छोटं कर्ज उचलायचं, असा एक गट होता. ती त्यात शिरली. जुनी काज मशीन घेतली, खाटेशेजारी लावली. चार दुकानांचं काम घरी यायला लागलं. दीड वर्षात कर्ज फिटलं, घरात दोन वेळा नीट शिजायला लागलं, पोरगी उशिरा का होईना नर्सिंगला गेली.

दुसरी असती तर इथे गप्प बसली असती. ही कसली बसतेय! मास्तरांच्या दुकानातली एकेक बाई तिने हेरली. नव्या गटात इस्त्रीवालीला जामीन राहिली, ती कर्ज उचलून दुकान सोडून गेली. मग कापडाच्या कडा ओव्हरलॉक करणारी, मग कॉलर शिवणारी. इस्त्रीवालीचा मुलगा आजारी पडला तेव्हा तिचे दोन हप्ते हिनेच दातओठ खात भरले. राग काढायलाही पैसे पडतात, काय करणार.

शेवटी दुकानात उरली मास्तरांची सून. घरचीच म्हणून फुकट राबणारी. एके दिवशी तीच दारात आली. "मावशी, मला जामीन राहाल?"

मास्तरांना कुणकुण लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः आले, खाटेच्या कडेला टेकले. चेहरा पार उतरला होता. काजवालीला तो बघून बरं वाटलं, अगदी पोट भरल्यासारखं.

"माझं घर फोडू नकोस," ते म्हणाले.

"सून तुमच्याच घरात राहणार आहे. फक्त मजुरी घेऊन राबेल."

मास्तर खाली बघत म्हणाले, "ते बटण मीच चुकीचं दिलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. तू म्हणशील तर दुकानात उभा राहून सांगतो."

काजवालीने हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"सांगा की. पण ऐकायला आहे कोण तिथे आता?"

मास्तर उठून गेले. चार वाजता गटाची बाई सुनेच्या कर्जाचा कागद घेऊन आली आणि काजवालीने सही केली.