पाठ करून आणलेलं मराठी

अकरावीत असताना आमच्या ट्यूशनला शहराबाहेरच्या बाजव्याहून एक मुलगा येत असे. त्याचे वडील रिफायनरीत होते, घरची भाषा गुजराती. त्या गुजराती शहरात आमचं घर मात्र मराठी. आम्ही फिजिक्सच्या गणितांपलीकडे फारसं काही बोललो नव्हतो. तरी ज्या दिवशी तो यायचा नाही, त्या दिवशी सर काय शिकवतात इकडे माझं लक्ष नसायचं.

एका संध्याकाळी तो सायकलवरून थेट वाडी भागातल्या आमच्या घरी आला. बाबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. दार पुण्याहून राहायला आलेल्या आत्यानं उघडलं. मी आतल्या पडद्यामागे उभी राहिले.

त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार. मी रविवारी नवरा आहे."

आत्या बघतच राहिली. "कोणाचा?"

तो गोंधळला. "कोणाचा नाही. सकाळी क्लास आहे. दुपारनंतर नवरा आहे."

बाबांच्या हातातला पेपर हलायला लागला. हसू आवरून ते आत्याला म्हणाले, "अगं, गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा. मोकळा आहे म्हणतोय तो." मग त्यांनी त्याला मराठीतला अर्थ सांगितला. त्याचे कान लाल झाले. "सॉरी काका," म्हणत तो चपला शोधू लागला, तेव्हा मला बाहेर यावंच लागलं.

"पण मोकळा कशासाठी?" मी गुजरातीत विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, कमाटीबागेतल्या तारांगणात शो आहे, तू येशील का.

बाबांनी पेपरची घडी घातली. शेवटी आत्या म्हणाली, "मीपण येते. मला तरी इथे कुठे काय काम आहे."

रविवारी तारांगणात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. अंधार झाला, छतावर तारे आले आणि थोड्याच वेळात तिचा डोळा लागला. पुन्हा मराठी बोलायची परवानगी मागत तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "फरीथी मराठी बोलुं?"

"बोल की."

त्यानं बराच विचार केला. "आत्या घोरते."

एकही चूक नव्हती. मी तोंडावर ओढणी दाबून हसले, तोही हसला. शो कशाबद्दल होता ते आम्हा दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर आत्यानं आम्हाला शेवउसळ खाऊ घातली. तिखटानं तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यानं धावत जाऊन पाणी आणून दिलं आणि अगदी जपून मराठीत विचारलं, "पुढच्या रविवारी तुम्ही येणार?"

"मी परवा पुण्याला चालले," नाक पुसत ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा. बाबांना मी सांगते."

तिनं खरंच सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघंच कमाटीबागेत गेलो. खूप वेळ तिथल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापाशी उभे राहून अस्वल बघत राहिलो. ऊन उतरलं तरी घरी जाऊया असं कुणीच म्हणालं नाही.