वहिनीच्या रक्ताची स्लाइड

आमच्या सरांनी वीस वर्षं नाकतोड्यांच्या गुणसूत्रांवर घालवली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी विषय बदलला. त्यांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर 'कीटकनाशके आणि मानवी गुणसूत्रे' अशी नवी ओळ आली, आणि त्या विषयावर पीएच.डी.ला त्यांनी पहिली विद्यार्थिनी घेतली ती मी. कारण सरळ होतं. मी कवठे महांकाळ तालुक्यातली. आमच्या कोरड्या भागात तेव्हा बोअरच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहत होत्या, आणि माझा थोरला भाऊ त्यातल्याच एका बागेत औषध मारायला जायचा. फवाऱ्यातल्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात.

"गावातले लोक तुम्हाला रक्त देतील," सर म्हणाले. "मला नाही देणार."

दिलं लोकांनी. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारे जोरात सुरू झाले, तेव्हा मी ओळखीच्या नर्सबाईंना घेऊन गावात गेले. विहाराच्या ओसरीत सतरंजी टाकली. फवारणी करणारे एकेक येऊन बाही वर करून बसले, त्यांत दादाही. त्यांच्या अंगाला कुजक्या लसणासारखा वास होता. उठताना प्रत्येकजण एकच विचारायचा, "रिपोर्ट कवा मिळंल?"

"मिळंल की," मी म्हणायचे. असा काही रिपोर्ट मिळायचाच नव्हता.

तुलनेसाठी फवाऱ्याशी संबंध नसलेली माणसंही हवी होती. सर त्यांना कंट्रोल म्हणत. शाळेचे गुरुजी, शिंपी, पोस्टमन मिळाले. एकजण कमी पडत होता. वहिनी नुकतीच लग्न होऊन आलेली, माझ्याच वयाची. बागेत ती कधी जात नसे. तिनं हसत हात पुढं केला. "घ्या वन्सं. मला न्हाई सुईचं भ्या."

बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये नळ्या ठेवून मी मिरजेवरून एसटीनं विद्यापीठात परतले. रक्तातल्या पेशी तीन दिवस उबेत वाढवायच्या, मग काचपट्टीवर थेंब टाकून रंगवायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली गुणसूत्रं तपासायची. स्लाइड कुणाची हे मला कळू नये म्हणून सरांनी नावं काढून नुसते नंबर लावले होते. नावांची यादी त्यांच्या कपाटात.

फवारणीवाल्यांमध्ये तुटकी गुणसूत्रं सापडणार याची तयारी होती. ती सापडतही होती, अधूनमधून. सतरा नंबरच्या स्लाइडवर मात्र ती संपेनात. सुतळीचे तुकडे पडावेत तशी, एका पेशीत, दुसऱ्या पेशीत, मधे चार पेशी सोडून पुन्हा. हा दादाच असणार, असं वाटलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

सगळ्या स्लाइड संपल्यावर सरांनी यादी काढली. दादाचा नंबर पाच होता. सतरापुढं वहिनीचं नाव होतं.

"बागेत जातात का त्या?" सरांनी विचारलं.

"नाही."

"एवढ्यात एक्स-रे वगैरे?"

"नाही, सर."

सरांनी यादीत पाच नंबरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "भावाचे कपडे कोण धुतं?"

हौदाजवळच्या दगडावर बसलेली वहिनी मला समोर दिसली. दादाचा शर्ट औषधानं पांढरा, कडक झालेला असायचा. ती तो भिजवून दोन्ही हातांनी चोळायची. रोज.

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या कंट्रोल नाहीत. हे सॅम्पल वगळा."

"त्यांना काय सांगू?"

"काय सांगणार? हे निदान नाही. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. आपल्याला गटाबद्दल बोलता येतं. एका माणसाबद्दल नाही."

ते खरं तेच सांगत होते. मी सतरावर लाल रेघ मारली आणि शनिवारी घरी गेले. दारातच आईनं सांगितलं, "वहिनीला दिवस गेल्यात."

वहिनी चुलीपाशी होती. "वन्सं, माजा रिपोर्ट?"

"वहिनी, दादाचे कपडे तू धुऊ नको."

तिनं फुंकणी खाली ठेवली. "पोराला काय हाय का?"

"माहीत नाही."

"म्हंजे हाय."

"तसं नाही गं. खरंच माहीत नाही."

जितक्यांदा मी ते म्हणाले, तितका तिचा चेहरा उतरत गेला. दादा म्हणाला, "मी रोज त्यात भिजतोय. मला काय झालंय?" मी तोंडाला फडकं बांध म्हणाले, काम बदल म्हणाले. तो उठून बाहेर गेला.

आईनं वहिनीच्या हातातली बादली घेतली. "आन हिकडं. मी धुती. माजं आता काय ऱ्हायलंय बिघडायचं?"

मी आईच्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून दिल्या. दोन दिवस तिनं त्या वापरल्या. मग म्हणाली, कापड घसरतंय.

पुढचे महिने वहिनी बाळाविषयी बोललीच नाही. शेजारणीनं दुपटं शिवायला जुनं लुगडं मागितलं, तर "ऱ्हाऊ दे, बघू मागनं," म्हणाली. मी सुट्टीला गेले की ती दुसऱ्या खोलीत जायची. मी येणं म्हणजे काहीतरी कळणं, असं तिला वाटत असावं.

सांगलीच्या दवाखान्यात भर दुपारी मुलगी झाली. मी कापड उलगडून बोटं मोजली, टाळूवर हात फिरवला, पाठ पाहिली, तोंड उघडून आत पाहिलं. खाटेवरून वहिनी माझ्या हातांकडं बघत होती.

"नीट बगा वन्सं."

"ठीक आहे सगळं. आत्ता तरी काही दिसत नाही."

'आत्ता तरी' म्हटल्याबरोबर तिनं डोळे मिटले आणि लेकीला ओढून पदराखाली घेतलं. आज ती पोर धडधाकट आहे, तिला स्वतःची लेकरं आहेत. पण लेक तापली की वहिनी अजूनही दादाला सांगायच्या आधी मला फोन करते.

मुलगी झाली त्याच वर्षी, छाटणीनंतर, सरांनी मला पुन्हा नमुने आणायला पाठवलं. दादा औषध मारतच होता. विहाराच्या ओसरीत रांग लागली, आणि शेवटी आई येऊन सतरंजीवर बसली. तिच्या बोटांची कातडी सोलली होती. तिनं बाही वर केली.

"माजं बी घे की. बगू तरी काय निगतंय."

नळ्या संपल्या, असं मी तिला सांगितलं. थर्मासमध्ये चार रिकाम्या शिल्लक होत्या.