हेमाच्या अकरा ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आई तर माझं कौतुक करत करतच गेली. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही. पण ऐका.

नव्वदचं दशक संपत आलेलं. कल्याणच्या बाजारात, मिरचीच्या एका वखारीच्या वर, पाटणकर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पोतं फुटलं की वर आम्ही सगळे शिंकायचो, शिकवणारे आणि शिकणारे एकदमच. मी डोंबिवलीहून यायचो, हेमा ठाण्याहून, कोपरीतून. मी प्रोग्रॅमिंग शिकवायचो, ती टायपिंग. दोघंही तेविशीचे. तिचे वडील खाडीत जाळं टाकायचे, आई मासळी विकायची, आणि हेमा घरातली पहिली ग्रॅज्युएट. तिच्या डब्यात सुकट असायची. डबा उघडण्याआधी ती उठून खिडकी उघडायची — कुणी काही म्हणायच्या आत. मला ती सुकट फार आवडायची. आजही आठवली की तोंडाला पाणी सुटतं.

तेव्हा एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आलेली. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी हौसेनं, मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा — त्याला कर्नल म्हणतात — कुणीही उघडून वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवावी. त्याचा पगार नाही, बक्षीस नाही. फक्त फाइलच्या माथ्यावर दुरुस्त करणाऱ्याचं नाव. मिरचीच्या वखारीवर बसून आपण जगाच्या कामाला हात लावायचा! काय दिवस होते हो ते. दुपारी क्लास रिकामा झाला की आम्ही दोघं त्या सीडीला चिकटायचो. सर म्हणायचे, "अरे, वीज तरी वाचवा." पण बंद कधी करायला लावलं नाही.

आमच्याकडे सहा कॉम्प्युटर होते, स्वस्तातली नेटवर्क कार्डं घालून एकमेकांना जोडलेले. लिनक्सवर दोघांनी एकदम फाइल पाठवली की सगळं गोठायचं. मी म्हटलं, कार्डच भंगार आहे. हेमाला ते पटेना. त्या कार्डाचा कर्नलमधला कोड तिनं कागदावर छापून घेतला आणि महिनाभर पेन्सिलीनं वाचला. हो, महिनाभर. एके दुपारी माझ्यासमोर कागद आपटून म्हणाली, "कार्ड ठीक आहे रे. हे बघ, दोन होड्या एकाच खुंट्याला बांधायला निघाल्यात. पहिली बांधून होईस्तोवर दुसरीला थांब म्हणणारं कोणीच नाही."

अकरा ओळींची दुरुस्ती होती. आम्ही ती घालून बघितली. सहाही मशीनवरून एकदम फाइली पाठवल्या, काही गोठलं नाही. हेमा इतकी हसली की खालून हमाल बघायला वर आला.

आता येतं ते. किती वेळ टाळणार?

ईमेलचं खातं माझ्या नावावर होतं. इंग्रजीही माझं बरं. हेमा म्हणाली, "तूच लिही, माझं व्याकरण हसण्यासारखं आहे." मी लिहिलं. लिहिताना 'आम्हाला चूक सापडली' असं टाकलं, मग खोडून 'मला' केलं. 'आम्हाला' विचित्र वाटतं, असं स्वतःला सांगितलं. खाली माझं एकट्याचं नाव.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या भागाची देखरेख करणारा गृहस्थ परदेशातला. त्यानं लिहिलेलं की ही चूक इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आली नव्हती, दुरुस्ती सुंदर आहे. आणि शेवटी सरळ प्रश्न — फाइलमध्ये नाव कोणाचं घालू?

बघा, विचारलं होतं त्यानं. चुकून झालं असं म्हणायला त्यानं जागाच ठेवली नाही. हेमा शेजारच्या खोलीत टायपिंग शिकवत होती, टकटक ऐकू येत होती. मी माझं नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि पाठवलं.

वर्ग सुटल्यावर तिनं विचारलं, "आलं का रे उत्तर?"

नाही म्हणालो असतो तर तिनं दुसऱ्या कुणाकडून पुन्हा पाठवलं असतं. हा हिशेब मी तिथल्या तिथे केला. म्हटलं, "आलं. चुकीचं आहे म्हणाले."

"काय चुकलं?"

मी काहीतरी रचलं. इथे चाललं तरी मोठ्या मशीनवर बिघडतं म्हणे, असं सांगत चार बोजड शब्द फेकले. मेल दाखव म्हणाली, तर डिलीट झाला म्हटलं. आठ दिवस ती ते कागद पुन्हा वाचत बसली. न सापडणारी चूक शोधत होती — मी बघत होतो. नवव्या दिवशी तिनं आपली वही माझ्यापुढे सरकवली. "यात अजून एक दुरुस्ती आहे. तीही चुकीचीच असणार. तुला उपयोग झाला तर बघ." मग ती टायपिंगच्या खोलीत गेली, आणि दुपारचं आमचं बसणं संपलं.

वहीतली दुरुस्तीही बरोबर होती. तीही मी पाठवली. हो, माझ्याच नावानं.

पुढच्या वर्षी मुंबईतल्या एका कंपनीत मुलाखत झाली. समोरच्या साहेबानं ती फाइल छापून आणलेली. "हे तुम्ही केलंत?" मी हो म्हटलं. तिथून पुढचं माझं सगळं आयुष्य त्या 'हो'वर उभं आहे.

क्लासमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी पेढे आणले ते हेमानं. "मला माहीतच होतं, तू मोठा होणार," म्हणाली. मग जिन्यात मला गाठून, जरा लाजत, "वेळ मिळाला की शिकवशील? माझं तेव्हा काय चुकलं ते अजून कळलेलं नाही."

"शिकवीन की," मी म्हणालो. आणि पेढा खाल्ला.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. ठाण्यात कोर्टाजवळ, एका वकिलाच्या ऑफिसात, रस्त्याकडेच्या खिडकीत टाइप करत बसलेली. कागदावरची नजर न हलवता, भराभर. मी पाच-सहा पावलांवर उभा होतो. पान संपलं. ती दुसरं पान चढवू लागली, आता मान वर करेल असं वाटलं — आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो.