माळ्यावरच्या तुळया

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत आर्किटेक्चर शिकत होते. एका उन्हाळ्यात प्रोफेसरांनी मला लांबच्या खेड्यात पाठवलं. तिथे जमीनदारी थाटाचं एक मोठं दगडी घर होतं. मालकीणबाई लहानपणी बोर्डिंग शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी ते इंग्लंडमधून सुटं करून बोटीने आणलं, असं सगळे सांगत. रेनेसान्स काळातलं, चारशे वर्षांचं घर! आता त्या जागेवरून रस्ता जाणार होता. घराचं वय सिद्ध झालं तरच ते वाचणार होतं, आणि ते तपासायचं काम माझ्याकडे होतं.

बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. तीन दिवस माझ्यामागे खोल्याखोल्यांतून फिरल्या. जिना खरोखर जुना निघाला. हाताने तासलेला, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. चौथ्या दिवशी मी माळ्यावर चढले, तुळईवर टॉर्च मारला.

लाकडावर कमानीसारखे ओरखडे होते. सांगलीला माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. यंत्राच्या गोल करवतीच्या या खुणा मी लहानपणापासून बघत आले होते. चारशे वर्षांपूर्वी कुठली यंत्रं? दुसरी तुळई पाहिली, तिसरी पाहिली. तेच.

"काय सापडलं?" खालून बाईंनी विचारलं. त्या शिडी धरून उभ्या होत्या.

मी उतरून सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"म्हणजे वडील माझ्याशी खोटं बोलले?"

"जिना खरा आहे. तुळयांचं लाकूड मात्र इथल्याच झाडांचं, यंत्राने कापलेलं. बाकी घर इथेच बांधलंय."

"मग जिन्याचंच लिही. माळ्यावर कोण चढतंय?"

आठवडाभर मी टाइपरायटरपुढे कागद फाडत बसले. शेवटी दोन्ही लिहिलं.

रस्त्याच्या सुनावणीला शाळेचा हॉल गच्च भरला होता. मला पुकारलं, मी अहवाल हातात घेतला. तेवढ्यात बाई उठल्या.

"थांबा. हे माझ्या तोंडून ऐका. घर इंग्लंडचं नाही. या गावच्या लोकांनी बांधलंय, आणि माझ्या वडिलांनी ते लपवलं."

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. "त्या तुळया माझ्या वडिलांनी कापल्या," तो म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही, अशी अट होती."

घर वाचलं नाही. जिना तेवढा एका म्युझियमने नेला.

सुनावणी संपल्यावर पार्किंगमध्ये बाई माझ्याजवळ आल्या. "मला तुझा राग आला होता. अजून आहे," म्हणाल्या. तरी स्टेशनपर्यंत त्यांनीच मला गाडीने सोडलं.