कुलरची बाही

थोरलीचं नाव छबूबाई आणि धाकटीचं यशोधरा. दोघींच्या जन्मांच्या मधल्या काळात त्यांच्या वडिलांनी, रंभाजींनी, धम्मदीक्षा घेतली होती आणि पुढं मुलगी झाली तर तिचं नाव काय ठेवायचं ते तेव्हाच पक्कं करून टाकलं होतं. छबूबाई मोठेपणीही म्हणायची, "हिला नाव मिळालं, मला नुसती हाक." यशोधराबाई त्यावर इतक्या मोकळेपणानं हसत, की समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघत.

रंभाजींचं श्रीरामपुरात मार्केट यार्डाच्या रस्त्याला टेम्पो-ट्रकवरचे ताडपत्रीचे हूड शिवायचं दुकान होतं. छबूबाईला सुईचा कंटाळा, तर धाकटीला जेवायला म्हणून दुकानातून उठवावं लागे. जाड कॅनव्हासात दाभण घालायचं म्हणजे तळहाताला कातड्याची पट्टी बांधून अंगाचा जोर लावायचा. ते काम बाईमाणसाचं नाही असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. रंभाजी म्हणत, "कापडाला इचारा, त्याची तक्रार हाय का." वडिलांच्या माघारी दुकान यशोधराबाईंकडं आलं ते कुणी दिलं म्हणून नव्हे, त्या तिथंच बसलेल्या होत्या म्हणून. टेम्पोभोवती एक फेरी मारली की किती कापड लागेल ते त्या सांगत. कधी चुकतही. मग उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून गिऱ्हाइकाला फुकट देत.

नवरा सूर्यभान मूळचा पुणतांब्याचा, टेम्पो चालवणारा. हूड शिवून घ्यायला आला आणि हुडाच्या चौकशीला गरजेपेक्षा जास्त वेळा आला, असं यशोधराबाई सांगत. लग्नानंतर दोघं श्रीरामपुरातच राहिली. पुढं सासूबाई, भामाबाई, गाव सोडून त्यांच्याकडं आल्या. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी, आतली खोली भामाबाईंची.

पंचाण्णव सालचा उन्हाळा वाईट होता. पत्रा दुपारी असा तापे की आतल्या खोलीतली पितळी भांडी हाताला चटका देत. सूर्यभाननं पत्र्याचा कुलर आणला, वाळ्याचं गवत भरलेला, आणि बाहेरच्या खिडकीत बसवला. पहिल्या दिवशी सगळं घर त्याच्यासमोर येऊन बसलं. भामाबाई थोडा वेळ बसल्या आणि गुडघे धरून उठल्या.

"मला वारं नको," त्या म्हणाल्या, "मला गारवा पायजे."

सूर्यभानला हे हट्टाचं वाटलं. यशोधराबाईंना नाही वाटलं. वारा अंगावर न येता गारवा आतल्या खोलीपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न त्यांनी दुकानात नेला आणि हुडाचं काम बाजूला सारून ताडपत्रीच्या उरलेल्या पट्ट्यांची एक लांब नळी शिवली. कुलरच्या तोंडाला एक टोक बांधायचं, दाराच्या वरून ती आत न्यायची आणि भामाबाईंच्या कॉटवर सोडायची. त्यांनी तिला नाव दिलं कुलरची बाही.

ती बाही फसली. कापड कमी म्हणून त्यांनी ती पँटच्या पायाएवढीच रुंद केली होती. कुलर चालू झाल्यावर ती शिट्टीसारखी वाजायला लागली, पंखा कण्हायला लागला, दारावरच्या वळणावर कापड चिमटून बसलं आणि आतल्या टोकाला हात लावला तर फुंकर मारल्याएवढी हवा. भामाबाई कॉटवर आडव्या होऊन वर बघत होत्या. "म्हैस पान्हा चोरती हाय," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

त्याच आठवड्यात शामकांत सर दुकानात आले. सर बेलापूरला राहात आणि श्रीरामपुरात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांना व्हरांड्यासाठी ताडपत्रीचा पडदा हवा होता. कोपऱ्यात पडलेली नळी बघून त्यांनी ती काय आहे विचारलं, आणि यशोधराबाईंनी फसलेली गोष्ट न लाजता सगळी सांगितली. सर पडदा विसरले. स्टुलावर बसून त्यांनी समजावलं, की अरुंद वाटेतून तेवढीच हवा न्यायची तर तिला पळावं लागतं. पळाली की कापडाला घासते, आवाज करते आणि दमते. वाट रुंद केली तर ती चालत जाईल.

"म्हंजी वारं न्हाई, गारवा," यशोधराबाई म्हणाल्या.

"तुमच्या सासूबाईंनी परीक्षेत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते," सर म्हणाले.

रुंद बाहीचं कापड कापलं ते दोघांनी मिळून. वळणाचं कसं करायचं हे सरांना सांगता येत होतं, करता येत नव्हतं: काटकोन नको, गोलाई हवी. यशोधराबाईंना हुडाचे कोपरे वळवायची सवय. त्यांनी कलिंगडाच्या फोडींसारखे तुकडे कापून जोडले आणि एक गोल कोपर तयार झाला. आत तारेच्या कड्या घातल्या, म्हणजे कापड बसणार नाही. टोक शिवून बंद केलं आणि आतल्या खोलीतल्या भागाला बारीक भोकांची रांग पाडली, म्हणजे एका झोतानं न येता हवा सगळीकडं झिरपेल.

बसवल्यावर सरांनी उदबत्ती मागितली. शिवणीजवळून ती हळूहळू फिरवली, आणि जिथं धूर फरफटून बाजूला जाई तिथं यशोधराबाईंनी खडूनं खूण केली. खुणा पुष्कळ झाल्या. पावसाळी ताडपत्रीच्या शिवणींना मेण लावायची रीत त्यांच्या हातची होतीच. तसं मेण घासून, गरम चमचा फिरवून त्यांनी ती गळती बुजवली. पत्र्याखालून जाताना बाहीतली हवाच तापते हे सरांच्या लक्षात आलं, तेव्हा भामाबाईंनी आपल्या पेटीतली एक जुनी गोधडी काढून दिली. बाहीला गोधडी गुंडाळली. पत्र्याखाली टांगलेली ती वस्तू बघून सूर्यभान म्हणाला, की घरात आजारी अजगर पाळल्यासारखं दिसतंय.

तरी आतल्या खोलीत गारवा येईना. बाही फुगलेली, गळती नाही, पंखा ठीक. खोली मात्र कोंदट आणि ओलसर. सर चष्मा पुसत उभे राहिले. यशोधराबाई पुन्हा उदबत्ती घेऊन स्टुलावर चढल्या. तेवढ्यात मागच्या गल्लीतून शेजारणीनं हाक मारली, म्हणून भामाबाईंनी कॉटवर उभं राहून मागची झडप उघडली. वर्षानुवर्षं बंद ठेवलेली, हातभर रुंदीची ती झडप होती. त्या तिथं पापडांविषयी बोलत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीमागं बाहीची भोकं एकदम सुस्कारली. कोंदट हवेला बाहेर जायला वाट मिळाली, तशी गार हवेला आत यायला जागा झाली.

"अहो, बाहेर जायचा रस्ताच नव्हता," सर स्वतःशीच म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "वर्गात दरवर्षी शिकवतो मी हे."

भामाबाईंना आपण काय केलं हे कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र त्यांनी ते गल्लीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. त्या दुपारी त्या गाढ झोपल्या. पंखा कमी वेगावर ठेवूनही आतली खोली पुरेशी गार राहिली.

सरांच्या पत्नी प्रेमलाबाई ते बघायला मुद्दाम आल्या आणि बेलापूरच्या घरासाठी तशीच बाही हवी म्हणाल्या. तीन खोल्या, कुलर एकच. तिथं वेगळी अडचण आली. कुलरजवळची खोली निम्मी हवा खाऊन बसे. यशोधराबाईंनी प्रत्येक खोलीसाठी बाहीला आखूड फाटा काढला आणि त्याच्या तोंडाला परकराला असते तशी नाडी ओवली. ज्या खोलीत माणूस नाही तिची नाडी ओढून तोंड बंद करायचं. प्रेमलाबाईंना नाडी पसंत पडली, खाकी रंग पडला नाही. दिवाणखान्यात खाकी शोभणार नाही, म्हणून त्यांनी पडद्याला जुळणारं मरून कापड आणून दिलं. यशोधराबाईंनी ते धुऊन बघायला हवं होतं. आजवर त्यांच्या हाताखाली आलेल्या खाकी कापडाचा रंग कधी गेला नव्हता, म्हणून ते त्यांच्या मनातही आलं नाही.

सरांच्या मुलीचा, अनन्याचा, साखरपुडा त्याच घरात ठरला. यशोधराबाईंना आमंत्रण होतं. त्या इस्त्रीचं पातळ नेसून, बायकांमध्ये बसून नव्या बाहीकडं कौतुकानं बघत होत्या. पाहुणे येणार म्हणून कुणीतरी कुलरमध्ये पाणी काठोकाठ भरलं होतं. पंखा लावल्यावर हवेबरोबर पाण्याचे थेंबही बाहीत ओढले गेले आणि भोकांतून टपकायला लागले. खाली नेमके मुलाचे वडील बसलेले, पांढऱ्या शुभ्र झब्ब्यात. पहिला थेंब त्यांच्या खांद्यावर पडला तो गुलाबी. दुसरा छातीवर. प्रेमलाबाईंचा चेहरा उतरला.

यशोधराबाई उठल्या, सरळ पुढं गेल्या, कुलर बंद केला आणि व्याह्यांसमोर उभ्या राहिल्या.

"ही बाही मी शिवली," त्या म्हणाल्या. "रंग बघाया पायजे हुता, न्हाई बघितला. प्रेमलावहिनींची काय बी चूक न्हाई."

व्याह्यांनी झब्ब्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं. "रंगपंचमी होऊन गेली असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "पण बंद का केलात? इतकं बरं वाटत होतं. मी सरकून बसतो."

खोली हसली. यशोधराबाईंनी बादलीभर पाणी उपसलं, बाहीखाली एक टॉवेल बांधला आणि कुलर पुन्हा लावला. पाहुणे चहा झाल्यावर निघणार होते ते ऊन उतरेपर्यंत बसले. निघताना व्याह्यांनी बाहीवर हात फिरवला आणि आपल्या घरासाठी एक शिवाल का, असं विचारलं. रंग मात्र त्यांनी खाकी सांगितला. प्रेमलाबाईंनी मरून बाही उतरवून रंग जायचा थांबेपर्यंत धुतली. ती फिकट गुलाबी झाली, आणि त्यांनी ती तशीच परत टांगली. त्यांना आता तीच आवडायला लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यापासून हुडांच्या बरोबरीनं बाह्यांची कामं येऊ लागली. एका बाळंतिणींच्या दवाखान्याची आली, बेलापूरच्या एका कापडदुकानाची आली. काम घेण्याआधी यशोधराबाई घर बघायला जात आणि पहिला प्रश्न विचारत, की कोंदट हवा जायची कुठून. ज्या घरात मागं खिडकी नसे तिथं त्या आधी गवंडी बोलवायला सांगत. सूर्यभान टेम्पोच्या दोन खेपांमध्ये तारेच्या कड्या वळायला शिकला. त्याच्या कड्या जरा लांबट होत. यशोधराबाई त्या मुकाट्यानं ठोकून गोल करत.

थंडी पडली की घराघरांतल्या बाह्या धुवायला दुकानात येत. एका रविवारी त्या सगळ्या टेम्पोत घालून दोघं पुणतांब्याला गेली, भामाबाईही बरोबर होत्या. गोदावरीच्या काठी बाह्या धुऊन झाल्या आणि नदीवरच्या झाडांना दोऱ्या बांधून वाळत टाकल्या. वारा सुटला तशा त्या एकेक करून फुगल्या, खाकी सगळ्या आणि मधोमध एक गुलाबी. काठावरून जाणारे शेतकरी सायकली थांबवून बघू लागले. एकानं विचारलं, की हे काय आहे. यशोधराबाई सांगायला उठल्याच होत्या, पण भामाबाई काठी टेकत पुढं झाल्या आणि गोधडीपासून झडपेपर्यंत सगळं त्यांनीच सांगितलं. यशोधराबाई सूर्यभानशेजारी वाळूत बसून भाकरी खात राहिल्या.